मुलाखतीआधीचा ‘होल्ड’: अमेरिकन मेडिकल कॉलेजच्या दाराबाहेरचा इतिहास

लोकलमध्ये लटकत असाल, एसटीत खिडकीची जागा मिळाली असेल, किंवा अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून गुपचूप कानात इअरफोन घातला असेल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप.

आज एका छोट्या शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द आहे ‘होल्ड’.

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आपल्यासारखं बारावीनंतर लगेच मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी. मग ‘एमकॅट’ नावाची परीक्षा. मग ‘ॲमकॅस’ या सामाईक पोर्टलवर अर्ज, आणि त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा आपापला वेगळा अर्ज, निबंधांसकट, फीसकट. एवढं झालं की कॉलेज ठरवतं, मुलाखतीला बोलवायचं की नाही. मुलाखतीशिवाय प्रवेश जवळजवळ नाहीच.

आता तुम्हाला वाटेल, उत्तरं दोनच असणार: या, किंवा येऊ नका. पण तिसरंही एक उत्तर आहे. ‘आम्ही तुमचा अर्ज वाचला. सध्या मुलाखतीला बोलावत नाही, पण नाकारतही नाही. अर्ज राखून ठेवला आहे. पुढे पाहू.’ हा झाला मुलाखतीआधीचा होल्ड.

रेल्वेच्या भाषेत सांगते. वेटिंग लिस्टमध्ये निदान नंबर तरी असतो. डब्ल्यूएल 14 वरून 9 वर आलं की आपण खूश. आरएसी मिळालं तर अर्धी सीट तरी मिळते. होल्डमध्ये नंबर नाही, चार्ट कधी लागणार ते माहीत नाही, आणि गाडीत किती जागा उरल्यात तेही कुणी सांगत नाही. नुसतं फलाटावर उभं राहायचं.

मला प्रश्न पडला, ही पद्धत आली कुठून? खणत गेले तर गोष्ट थेट 1847 पर्यंत मागे गेली. आणि वाटेत आपल्या कल्याणची एक मुलगीही भेटली.

जेव्हा रांगच नव्हती

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत बहुतेक मेडिकल कॉलेजं म्हणजे चक्क धंदा होता. प्राध्यापक लेक्चरची तिकिटं विकायचे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो विद्यार्थी. पदवी तर सोडाच, शाळा नीट पूर्ण केली आहे का हेही बऱ्याच ठिकाणी कुणी विचारत नसे. मुलाखत कशाला घेतील? गिऱ्हाइकाची कुणी मुलाखत घेतं का?

पण हे सगळं गोऱ्या पुरुषांपुरतं. दारात कुणी वेगळंच माणूस उभं राहिलं की मग कॉलेजला अचानक ‘विचार करायला वेळ’ लागायचा.

एलिझाबेथ ब्लॅकवेलचं उदाहरण घ्या. तिला एकामागून एक कॉलेजांनी नकार दिले. 1847 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजकडे तिचा अर्ज गेला. प्राध्यापकांना ‘नाही’ म्हणायचं होतं, पण स्वतःच्या तोंडाने नको होतं. म्हणून त्यांनी निर्णय विद्यार्थ्यांवर ढकलला: तुम्ही मत द्या. पोरं नाहीच म्हणणार, अशी त्यांची खात्री. पोरांनी ‘हो’ म्हटलं! अनेकांना ती चेष्टाच वाटली होती. ब्लॅकवेल खरोखर येऊन वर्गात बसली आणि जानेवारी 1849 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणारी पहिली स्त्री झाली.

त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये हॅरिएट हंटने अर्ज केला. 1847 मध्ये नकार. 1850 मध्ये पुन्हा प्रयत्न केला तेव्हा मंजुरी मिळाली, आणि त्याच वर्षी मार्टिन डिलेनीसह तीन कृष्णवर्णीय पुरुषांनाही प्रवेश मिळाला. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला. हंटने माघार घेतली आणि त्या तिघांना एका सत्रानंतर निरोप देण्यात आला. हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो थेट 1945 साली. म्हणजे हंटच्या पहिल्या अर्जानंतर 98 वर्षांनी. होल्ड म्हणतात तो याला!

आनंदीबाईंची पाच वर्षं

आता आपल्या घरची गोष्ट. आनंदीबाई जोशी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या गोष्टीतला थांबण्याचा भाग आपण पटकन उरकतो.

1878 मध्ये, आनंदीबाई जेमतेम तेरा वर्षांच्या असताना, त्यांचे पती गोपाळराव यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, मदत कराल का? उत्तराचा सूर असा, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. म्हणजे अर्ज फेटाळला नाही, फक्त एक अट घातली. जोशी पतिपत्नींना ती मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत होत्या. वेळ घालवायला त्यांनी ते मासिक चाळलं, आणि तिथून आनंदीबाईंशी त्यांची पत्रं सुरू झाली. एकीचं थांबणं दुसरीच्या थांबण्याला असं भेटलं.

दरम्यान अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा गोपाळरावांच्या बदल्या. त्यातच, चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गंमत बघा, त्या निघाल्या तेव्हा हातात कॉलेजचा प्रवेश नव्हताच! पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी अर्जाचं पत्र लिहिलं ते रोझेलला पोचल्यावर, 28 जून 1883 ला. त्या पत्रात त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं होतं की आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नसू. पण ज्या जिद्दीने मी स्नेह्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, ती जिद्द त्या उणिवेची भरपाई करेल, असा त्यांचा मुद्दा होता.

आजच्या भाषेत हा त्यांचा ‘पर्सनल स्टेटमेंट’ निबंध. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. त्या अर्जाला होल्ड नाही लागला. पाच वर्षांचा होल्ड आधीच होऊन गेला होता. 11 मार्च 1886 ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. वय 21.

हे मी मुद्दाम सांगतेय. थांबायला लावणं म्हणजे नुसता वेळ जाणं नसतं. प्रत्येकाकडे थांबायला सारखा वेळ नसतो.

दार अरुंद झालं

मग रांग कधी लागली? जागा कमी झाल्या तेव्हा.

1893 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स मेडिकल कॉलेज सुरू झालं. पैसे कमी पडत होते. मेरी गॅरेट या श्रीमंत बाईने आणि तिच्या मैत्रिणींनी निधी उभा केला, पण अटी घालून: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश, आणि सगळ्यांनाच आधी पदवी सक्तीची, विज्ञान हवं, फ्रेंच-जर्मन यायला हवं. पहिल्या वर्गात 18 विद्यार्थी, त्यात 3 मुली. ‘आधी पदवी, मग मेडिकल’ हा आजचा अमेरिकन साचा घट्ट बसवण्यात या बायकांच्या अटींचा मोठा वाटा आहे.

1910 साली अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. हा माणूस डॉक्टर नव्हे, शिक्षणतज्ज्ञ. अमेरिका आणि कॅनडातली 155 कॉलेजं त्याने तपासली आणि बऱ्याच ठिकाणी प्रयोगशाळा नावालाच आहे, रुग्णालय तर नाहीच, असं सडेतोड लिहिलं. पुढच्या दोनेक दशकांत अमेरिकेतली जवळजवळ निम्मी कॉलेजं बंद पडली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली. रुग्णांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण किंमतही मोजावी लागली. कृष्णवर्णीयांसाठीच्या सात कॉलेजांपैकी हॉवर्ड आणि मेहारी ही दोनच शेवटी टिकली.

जागा घटल्या, डॉक्टरकीची प्रतिष्ठा वाढली, अर्ज वाढले. 1920 च्या दशकात पहिल्यांदाच कॉलेजांपुढे प्रश्न उभा राहिला: लायक मुलं जागांपेक्षा जास्त आहेत, निवडायचं कसं? त्याच दशकाच्या अखेरीस अभियोग्यता चाचणी आली, तिलाच 1948 पासून एमकॅट म्हणू लागले. आणि चाचणीच्या जोडीला मुलाखत रुजली.

आडनाव काय?

मुलाखत कशासाठी? तर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ बघायला. ऐकायला छानच आहे. पण त्या काळात काही अर्जांवर धर्म विचारत, फोटो मागत, आईचं माहेरचं आडनाव विचारत. आपल्याकडे कुणी गोड आवाजात ‘आडनाव काय?’ विचारलं की खरा प्रश्न काय आहे ते सगळ्यांना कळतं. तिथेही कळत होतं. ज्यू मुलं गुणांत पुढे होती, म्हणून त्यांना आवरायला गुणांपलीकडचं काहीतरी हवं होतं.

येल मेडिकल कॉलेजचा 1935 सालचा आकडा बघा. अर्ज 501, प्रवेश 76. अर्जदारांपैकी साधारण 200 ज्यू. त्यांतल्या किती जणांना प्रवेश? पाच. आणि तेव्हाचे डीन मिल्टन विंटरनिट्झ स्वतः ज्यू होते! न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात असा कोटा नव्हता, तिथे शिकलेल्या एका ज्यू मुलाने पुढे पोलिओची लस शोधली. त्याचं नाव जोनास साल्क.

लक्षात घ्या, या 195 मुलांना कुणीही ‘तुम्ही ज्यू आहात म्हणून नाही’ असं लिहून पाठवलेलं नसणार. कारण न सांगण्याची सोय होती, आणि त्या सोयीच्या आड कोटा सुखात नांदत होता.

दक्षिणेत तेवढा आडपडदाही नव्हता. 1959 मध्ये मॅरियन हूड या कृष्णवर्णीय तरुणाने अटलांटाच्या एमरी मेडिकल कॉलेजला अर्ज केला. उत्तर आलं की निग्रो वंशाच्या व्यक्तीच्या अर्जाचा विचार करण्याचा आम्हाला अधिकारच नाही. सोबत अर्जाचे पाच डॉलर परत. हूड शिकागोत शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झाले. एमरीने त्यांची जाहीर माफी मागितली ती 2021 मध्ये, 62 वर्षांनी.

बाकी साहेबांचं पत्र

1970 च्या दशकात गोष्ट उलटी फिरली. ॲलन बाकी नावाचा तिशी ओलांडलेला गोरा इंजिनिअर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस मेडिकल कॉलेजला अर्ज करतो. साल 1973. सासूबाईंच्या आजारपणामुळे अर्ज उशिरा गेला. मुलाखत चांगली झाली, 500 पैकी 468 गुण. पण तिथे प्रवेश टप्प्याटप्प्याने देत. त्याची पाळी आली तोवर बहुतेक जागा भरल्या होत्या आणि 470 च्या खाली कुणाला घेत नव्हते. दोन गुण! शिवाय अध्यक्षांना हवं तर एखाद्याला वेटिंग लिस्टवर टाकता येत असे. तेही केलं नाही.

त्या कॉलेजात 100 पैकी 16 जागा वंचित अल्पसंख्याक गटांसाठी राखीव होत्या. बाकीने तक्रारीचं पत्र लिहिलं. 1974 मध्ये पुन्हा लवकर अर्ज केला. या वेळी मुलाखत घेणाऱ्यांत खुद्द प्रवेश समितीचे अध्यक्ष होते, आणि सहा परीक्षकांत सर्वांत कमी गुण त्यांनीच दिले. पुन्हा नकार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 जून 1978 चा निकाल: ठरावीक जागांचा कोटा चालणार नाही, पण वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून बघता येईल. बाकीला प्रवेश मिळाला, 1982 मध्ये तो डॉक्टर झाला आणि पुढे भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. 2023 मध्ये हार्वर्डच्या खटल्यात न्यायालयाने वंशाचा तो ‘एक घटक’ही काढून टाकला.

कोटा बरोबर की चूक यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. मला इथे दुसरंच दिसतं. एकाच अर्जदाराला एक परीक्षक वरचे गुण देतो, दुसरा तळाचे. मग मुलाखत नेमकं मोजते तरी काय?

ह्यूस्टनचा नकळत झालेला प्रयोग

याचं उत्तर एका अपघाताने मिळालं, आणि ही माझी या भागातली सगळ्यात आवडती गोष्ट.

1979, टेक्सास विद्यापीठाचं ह्यूस्टनमधलं मेडिकल कॉलेज. सुमारे 800 मुलांच्या मुलाखती झाल्या, क्रम लागला, 150 जागा भरल्या. आणि मग राज्याच्या विधिमंडळाने सांगितलं: आणखी 50 घ्या. तोवर यादीतली वरची मुलं इतरत्र गेलेली. उरली ती 700 ते 800 क्रमांकांमधली, पार तळातली, म्हणजे एरवी ज्यांना कुणी घेतलं नसतं अशी. घेतलं त्यांनाच.

पुढे रिचर्ड डीव्हॉल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेज सोडण्याचं प्रमाण, परीक्षा, रुग्णालयातलं काम, मानसन्मान, पदवीनंतरचं पहिलं वर्ष, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही! आणि दोन गट मुळात वेगळे का पडले होते? त्यातला मोठा भाग गुणांचा नव्हता, तर मुलाखत घेणाऱ्यांना ती मुलं कशी ‘वाटली’ याचा होता.

यातून ‘मुलाखती बंद करा’ असा निष्कर्ष निघत नाही. एका खोलीतल्या एका माणसाच्या मतावर विसंबू नका, एवढं मात्र नक्की निघतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने नेमकं हेच केलं. एका लांबलचक मुलाखतीऐवजी अनेक छोटी स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक. 2004 मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरतात.

आपल्याकडेही हा वाद झाला आहे. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेचे 100 आणि मुलाखतीचे 50 गुण होते, आणि मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या जात. अजय हसिया खटल्यात 1980 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी परीक्षेला इतकं वजन देणं मनमानी ठरवलं. आज एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या क्रमांकावर होतो. पुण्याचं एएफएमसी मात्र नीटनंतर मुलाखत घेतं.

मग आजचा होल्ड?

न्यायाने सांगायचं तर आजचा होल्ड म्हणजे 1935 चा कोटा नव्हे. त्यामागे साधं गणित आहे. 2021 मध्ये अमेरिकेत 62,443 जणांनी अर्ज केले आणि 22,666 जण दाखल झाले. एकेक जण अनेक कॉलेजांना अर्ज करतो. मुलाखत घेणारे डॉक्टर आपली ओपीडी सांभाळून येतात, त्यामुळे मुलाखतीच्या जागा मोजक्याच. आणि कुठला चांगला विद्यार्थी दुसरीकडे जाईल हे आधी कळत नाही. म्हणून वरची मुलं बोलवा, खालची नाकारा, मधली ठेवा. कुणी गळलं की मधल्यांतून बोलवा. कॉलेजच्या बाजूने बघितलं तर यात गैर काही नाही.

पण मधल्यांच्या बाजूने बघा. माझी आतेबहीण तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. एका कॉलेजने तिला नोव्हेंबरमध्ये होल्डवर टाकलं. त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडायच्या आत हात फोनकडे. आत्या दर रविवारी इथे फोन करायची आणि आजी विचारायची, ‘काही कळलं का?’ आत्या म्हणायची, ‘अजून नाही.’ या ‘अजून’वर चार महिने गेले. ना दुसरी नोकरी धरता येत होती, ना पुढच्या वर्षाचा अर्ज नीट सुरू करता येत होता. मार्चमध्ये नकार आला. आजी रडली. बहीण त्या रात्री शांत झोपली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात तिचं झालं, पण ते चार महिने तिने अजून कुणाला माफ केलेले नाहीत.

म्हणून मला वाटतं, होल्ड ठेवा, पण त्याला डोळे-तोंड द्या. किती जण होल्डवर आहेत, गेल्या वर्षी त्यांतल्या किती जणांना बोलावलं, कुठल्या तारखेनंतर आशा सोडायची, एवढं सांगायला कॉलेजला एक ईमेल पुरतो. आयआरसीटीसीला जमतं, यांना का जमू नये? ज्या काळात कारण सांगत नव्हते, त्या काळात न सांगण्याच्या आड काय काय लपलं होतं ते आपण आत्ताच पाहिलं. आज लपवण्यासारखं काही नसेल, तर मग सांगायला हरकत काय?

आणि तुमच्यापैकी कुणी आत्ता असं थांबलेलं असेल, अमेरिकेतल्या कॉलेजसाठी नाही तर इथल्या भरतीच्या निकालासाठी, कॅप राउंडसाठी, व्हिसासाठी, तर ह्यूस्टनची ती 50 मुलं लक्षात ठेवा. यादीत 700 च्या खाली असलेली. ती आधी जेवढी लायक होती तेवढीच प्रवेश मिळाल्यावरही होती. मध्ये बदलली ती फक्त जागांची संख्या.

हा भाग इथेच थांबवते. तुम्ही कशासाठी किती थांबलात ते मला व्हॉइस नोट करून जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच.